विदर्भाच्या उन्हात अझोला: आधी सावली, मग पाणी, शेण सगळ्यांत शेवटी

दिवाळीला हिरवागार असलेला अझोल्याचा खड्डा अक्षय्य तृतीयेपर्यंत तपकिरी चिखल होऊन बसतो, हे विदर्भात कित्येक गोठ्यांमागे दिसते. मग शेण वाढवले जाते, कुठून तरी पुन्हा बियाणे आणले जाते आणि आठवड्याभरात तेही जाते. अशा वेळी शेण कमी पडलेले नसतेच. मार्चपासून डोक्यावर तापणारे ऊन आणि बोअरचे जड, म्हणजे क्षारांचे पाणी, या दोघांनी मिळून तो मारलेला असतो. ज्याला या दोन गोष्टी सांभाळता आल्या त्याला बाकीचे काम रोजची दहा मिनिटे आहे.

अझोला हा पाण्यावर तरंगणारा, जनावरांना आणि कोंबड्यांना चारा म्हणून लावला जाणारा नेचा. त्याला फूल नाही, दाणा नाही. सगळे ज्याला बियाणे म्हणतात ते जिवंत रोपच असते, आणि त्याचेच तुकडे पडून दुसरी रोपे होतात. पानाच्या वरच्या भागात एक बारीक पोकळी असते आणि तिच्यात अॅनाबिना नावाचे निळे-हिरवे शेवाळ राहते. ते हवेतला नत्र (नायट्रोजन) धरून रोपाला देते. म्हणून अझोल्याला युरिया लागत नाही, उलट युरिया टाकला की पाण्यातले दुसरे शेवाळ माजते आणि अझोला मागे पडतो. त्याला हवे असते स्फुरद (फॉस्फरस), थोडे लोह, मऊ पाणी आणि कोवळे ऊन. २० ते ३० अंशांत तो आनंदाने वाढतो, सगळे जमून आले तर तीन ते सात दिवसांत वजनाने दुप्पट होतो. ३५ अंशांच्या वर वाढ मंदावते. पाणीच ४० अंशांना टेकले तर रोप अक्षरशः विरघळते.

आणलेले रोप अझोलाच आहे ना?

तळ्यातून किंवा कुणाच्या टाक्यातून आणलेले हिरवे काहीही अझोला म्हणून खपवले जाते. तळहातावर एक रोप घ्या. अझोला साधारण त्रिकोणी दिसतो, मोरपंखीच्या फांदीसारखा, एकावर एक चढलेल्या बारीक खवल्यांचा. हात लावला तर मखमली लागतो आणि वर पाण्याचा थेंब टाकला तर घरंगळून जातो. खाली बारीक धाग्यासारखी मुळे लोंबतात. डकवीड म्हणजे गुळगुळीत, चपटी, मोहरीपासून मसुरीएवढी टिकली, तिला खवले नसतात. तीही जनावरांना चालते, पण ती अझोल्यात मिसळली की तिला काढता काढता नाकी नऊ येतात. तिसरी साल्व्हिनिया. तिची पाने मोठी, लंबगोल आणि वरून केसाळ असतात. तीही पाण्यावरचा नेचाच आहे, पण चाऱ्याच्या कामाची नाही आणि तळ्यात गेली तर आवरत नाही. ती दिसली तर उन्हात वाळवून जाळून टाकावी.

बियाणे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा ज्याच्या खड्ड्यात ते सहा महिने टिकले आहे अशा शेतकऱ्याकडून घ्या. सुरुवातीला एक किलो पुरते. आणताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड बांधू नका, दुपारच्या प्रवासात आतल्या आत तापून उकडल्यासारखे होते. ओले पोते टोपल्यात अंथरून त्यावर दोन बोटे थर पसरावा, वरून ओले फडके टाकावे. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात तीन-चार वेळा बुडवून काढावे, म्हणजे गोगलगायी आणि अळ्या तळाशी बसतात. खड्ड्यात सोडणे संध्याकाळीच.

एका खड्ड्यातून काय मिळेल, याचा खरा हिशेब

अझोल्याबद्दल बोलताना ‘२५ टक्के प्रथिने’ हा आकडा हमखास सांगितला जातो. आकडा खरा आहे, पण तो वाळलेल्या अझोल्याचा. ताज्या अझोल्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते. एक किलो ताजा अझोला वाळवला तर ५० ते ७० ग्रॅम उरतो आणि त्यात प्रथिने साधारण १२ ते १६ ग्रॅम. सरकीच्या एक किलो ढेपेत २०० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे किलोभर ढेपेची जागा घ्यायला चौदा-पंधरा किलो ताजा अझोला लागेल. ‘ढेप बंद करा, अझोला टाका’ असे कुणी सांगितले तर ऐकू नका, गाय खंगेल.

तरीही तो लावावा, आणि मनापासून लावावा. त्यात खनिजे आहेत, कॅरोटीन आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा गोठ्यात नुसते तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार उरते तेव्हा जनावराच्या पोटात थोडे तरी हिरवे जाते. पुढे सांगितलेल्या मापाच्या खड्ड्यातून चांगल्या हंगामात रोज ६०० ते ७०० ग्रॅम निघतो. तेवढा वीस-पंचवीस कोंबड्यांना किंवा दोन-तीन बकऱ्यांना छान पुरतो. एका दुभत्या गाईला रोज दीड-दोन किलो द्यायचा असेल तर तीन खड्डे लागतात. नवख्याने एकच करावा, तो एक उन्हाळा पार पाडावा, मग दुसरा खणावा.

जागा आणि वेळ

पोळा झाल्यावर, पावसाचा जोर ओसरला की सुरुवात करा. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा आपल्याकडचा सर्वांत सोपा काळ. ऊन कोवळे होत जाते, पावसाचे मऊ पाणी हाताशी असते आणि उन्हाळ्याआधी हात बसायला चार महिने मिळतात. फेब्रुवारीनंतर नवा खड्डा करू नये.

जागा अशी हवी की सकाळी दहापर्यंतचे ऊन लागेल आणि नंतर सावली येईल. गोठ्याच्या किंवा घराच्या पूर्वेची भिंत यासाठी उत्तम. झाडाखाली करायचा मोह होतो. पण कडुनिंबाची पानगळ आणि नंतरचा मोहोर, चिंचेची बारीक पाने, हे सगळे पाण्यात पडून कुजते आणि रोज वेचत बसावे लागते. झाडाखालीच करायचा झाला तर वर शेडनेट बांधूनच. पाणी हाताने टाकायचे असल्याने विहीर, बोअर किंवा टाके वीस-पंचवीस पावलांच्या आत असावे, कारण लांबचा खड्डा पंधरा दिवसांनी कुणी बघत नाही.

पाणी

ज्या बोअरच्या पाण्याने गुंडाला (पाणी भरायच्या भांड्याला) पांढरा थर धरतो आणि ज्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ते पाणी अझोल्यालाही जड जाते. अशा पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा वर असतो. अझोल्याला ५ ते ७ मानवतो. सामू चढला की टाकलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते, लोह गाळात बसते, आणि खत असूनही रोप उपाशी राहते. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीचे पाणी वापरूच नका. क्षार त्याला सोसत नाहीत.

उपाय साधा आहे. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी दोन-तीन ड्रममध्ये साठवून ठेवा आणि सुरुवातीची भरणी त्याने करा. पुढे बोअरचे पाणी टाकायची वेळ आली तर निम्मे-निम्मे मिसळा. नळाला क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी एक दिवस उघड्या टाक्यात ठेवून वापरा. सामूच्या पट्ट्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात मिळतात, दहा पट्ट्या वर्षभर पुरतात.

खड्डा

लांबी ९ फूट, रुंदी ४ फूट, खोली ९ इंच. रुंदी चारच फूट ठेवण्याचे कारण इतकेच की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. खड्डा जमिनीत खणलेला असावा. जमिनीवर विटा रचून केलेला वाफा बांधायला सोपा, पण मे महिन्यात त्याच्या चारही बाजू तापतात. आपल्या काळ्या मातीत एक अडचण आहे: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ताडपत्री ताणून फाडते. म्हणून नऊ इंचांऐवजी अकरा इंच खणून तळाशी दोन इंच मुरूम टाका, पाणी शिंपडून धुमसा आणि त्यावर जुनी पोती अंथरा. काड्या, खडे, धसकटे हाताने चाचपून काढा. तळ सपाट हवा. एका टोकाला पाणी चार बोटे आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटे असेल तर उथळ बाजूचा अझोला आधी मरतो.

वर सिल्पॉलिनची किंवा जाड, उन्हात टिकणारी प्लॅस्टिकची ताडपत्री. आकार १३ बाय ८ फूट. तळ, दोन्ही भिंती आणि बाहेर एक-एक फूट कडा, असा तो हिशेब आहे. कोपऱ्यात कापू नये, पाकिटासारखी घडी घालावी. बाहेरच्या कडेवर विटांची एक रांग लावावी, म्हणजे अंगणातले पावसाचे पाणी आत शिरत नाही. एका कोपऱ्यात काठाच्या दोन बोटे खाली पाणी बाहेर पडायला छोटी फट ठेवा आणि तिला जाळी लावा. ही फट विसरली तर जुलैतल्या एका झोडपणीत सगळा अझोला धुऱ्यापलीकडे वाहून जातो.

सिमेंटचा हौद आधीच असेल तर तोही चालतो, पण नवा नको. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि सामू ९-१० वर जातो. दोन-तीन आठवडे पाणी भरून ठेवावे, चार वेळा बदलावे, आतून शेणाचा हात फिरवावा, मगच वापरावा.

आता भरणी. चाळलेली माती १२ ते १५ किलो तळाशी सारखी पसरा. इथे वावरातली काळी माती वापरू नका, तिच्यातला चुना पाणी आणखी जड करतो. तळ्याचा वाळलेला गाळ, धानाच्या बांधीतली माती किंवा लालसर माती घ्या. मग मऊ पाणी पाच इंच भरा, साधारण ४०० लिटर लागते. दुसऱ्या बादलीत दोन किलो शेण दहा लिटर पाण्यात कालवून पोत्याच्या फडक्यातून गाळून घ्या. त्यात आदल्या रात्री भिजत घातलेले ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. दाणेदार खत तसेच टाकले तर दाणे तळाशी बसून राहतात, म्हणून भिजवायचे. ३० ग्रॅम म्हणजे किती हे एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून बघा आणि घरातल्या एखाद्या झाकणावर खूण करून ठेवा. अंदाजाने मूठभर टाकणे नेहमीच जास्त होते. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खत वापरू नका, त्यातला अमोनिया नको आहे. गोबरगॅसची मळी असेल तर शेणाऐवजी तीच उत्तम.

हे सगळे ढवळून दोन दिवस तसेच राहू द्या. माती बसते, फेस जातो, शेणाची उष्णता निघते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक किलो अझोला पृष्ठभागावर विखरा आणि झारीने वरून हलके पाणी शिंपडा, म्हणजे उलटी पडलेली रोपे सुलटी होतात. खड्डा सुरुवातीला बराच मोकळा दिसेल. तो घाईने भरण्यासाठी आणखी बियाणे आणू नका. दहा ते पंधरा दिवसांत हिरवी चादर पूर्ण होते.

रोजचे काम

चादर पूर्ण झाली की रोज काढायला सुरुवात करा, आणि खंड पाडू नका. न काढलेला अझोला वाढत नाही, तो एकमेकांवर चढतो. वरच्याची मुळे हवेत लोंबून वाळतात, खालच्याला उजेड मिळत नाही आणि दोन्ही कुजतात. नवखे लोक नेमके इथेच चुकतात. इतका छान भरला आहे, राहू द्या दोन दिवस, असे म्हणतात. सकाळी साधारण चौथ्या हिश्श्याहून थोडे कमी क्षेत्र मोकळे दिसेल इतका काढावा, पाच-सहा दिवसांत ती जागा भरून येते.

काढण्याची पद्धत मात्र नीट बघून घ्या. एक सेंटिमीटर भोकाची जाळी ठोकलेला लाकडी चौकट-ट्रे करा. तो अर्ध्या भरलेल्या बादलीवर ठेवा, त्यात ओंजळभर अझोला टाका आणि वरून पाणी ओतत हाताने हलवा. मोठी रोपे जाळीवर राहतात, बारीक पिल्ले भोकांतून बादलीत उतरतात. ते बादलीतले पाणी पिल्लांसकट खड्ड्यात परत ओतायचे. हीच पिल्ले पुढच्या आठवड्याचे पीक आहेत, ती गोठ्यात जाता कामा नयेत. जाळीवरचा अझोला मग वेगळ्या पाण्यात दोनदा धुवायचा. शेणाचा वास राहिला तर जनावर तोंड फिरवते.

दर पाच दिवसांनी एक किलो शेण गाळून आणि २० ग्रॅम भिजवलेले सुपर फॉस्फेट. दर दहा दिवसांनी चौथा हिस्सा पाणी काढून नवे मऊ पाणी. हे पाणी बदलणे लोकांना वाया घालवल्यासारखे वाटते, पण त्यामागे कारण आहे. बाष्प होऊन उडते ते नुसते पाणी, क्षार मागेच राहतात. आपण वरून रोज बोअरचे पाणी भरत गेलो तर महिन्याभरात खड्ड्यातले पाणी बोअरपेक्षाही जड होते. काढलेले पाणी वांग्या-टमाट्याच्या वाफ्याला द्या, ते चांगले खतपाणी आहे. महिन्यातून एकदा तळाची पाच किलो माती काढून तेवढीच नवी टाका. सहा महिन्यांनी खड्डा पूर्ण रिकामा करून धुवावा आणि पहिल्यापासून भरावा.

बिघडते तेव्हा

रोप लाल किंवा जांभळट पडणे ही सर्वांत जास्त विचारली जाणारी तक्रार. तिची तीन कारणे असतात: थंडी, कडक ऊन किंवा स्फुरदाची टंचाई. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेल्यावर येणारा लालपणा निरुपद्रवी आहे. शेडनेट काढून टाका, वाढ मंद राहील, संक्रांतीनंतर हिरवेपणा परततो. इतर वेळी एक सोपी परीक्षा करावी. खड्ड्यातले पाणी आणि मूठभर लाल रोपे दोन पसरट भांड्यांत घ्या. एकात चिमूटभर भिजवलेले सुपर फॉस्फेट घाला, दुसरे तसेच ठेवा. दोन्ही खड्ड्याशेजारी त्याच उन्हात. आठवड्यात पहिल्या भांड्यातली नवी टोके हिरवी आली आणि दुसऱ्यातली लालच राहिली तर स्फुरद कमी आहे. दोन्ही लालच राहिली तर ऊन जास्त आहे, खत वाढवू नका. स्फुरदाने उपाशी रोपाची मुळेही सांगतात: रोप खुरटलेले आणि मुळे लांबच लांब, एकमेकांत गुंतलेली.

पिवळेपणा वेगळा. सगळीच चादर लिंबाच्या रंगाची, हे लोह न मिळाल्याचे लक्षण, आणि आपल्याकडे ते जड पाण्यामुळेच होते. आधी निम्मे पाणी बदला. नंतर दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) लिटरभर पाण्यात विरघळवून संध्याकाळी सगळीकडे शिंपडा. ४०० लिटरला तेवढेच पुरते. पाणी न बदलता हिराकस टाकत राहिलात तर ते गंजाच्या रंगाचा गाळ होऊन तळाशी जाते, रोपाला काही मिळत नाही.

पाण्याला सडक्या अंड्याचा वास, खालून बुडबुडे, मुळे काळी: शेण जास्त झाले. निरोगी खड्ड्याला वास येत नाही, ओल्या मातीसारखा दरवळ असतो तेवढाच. दोन आठवडे शेण बंद, अर्धे पाणी बदल.

पाणी हिरवे, पेंटसारखे दिसत असेल तर चादरीला मोठी भोके पडली आहेत आणि उजेड खाली जातो आहे. काढणी चार दिवस थांबवा, सावली वाढवा. डासांचेही तसेच. पूर्ण चादर असेल तर डासांना अंडी घालायला जागा राहत नाही, पण अर्धवट मोकळ्या खड्ड्यात त्यांच्या अळ्या होतात. दहा-बारा गप्पी मासे सोडले की तो प्रश्न मिटतो. बरीच ग्रामपंचायत-आरोग्यकेंद्रे ते देतात.

पावसाळ्यात, ऑगस्टच्या दमट दिवसांत, चादरीवर तपकिरी गोल डाग पडून ते रोज वाढत जातात आणि जवळून पाहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ही बुरशी. डागाच्या बाहेर वीतभर हिरवा भागसुद्धा काढून लांब पुरून टाका, उरलेला विरळ करा, शेडनेट काढून हवा खेळू द्या. काही रोपे एकत्र गुंडाळून त्यात राहणारी बारीक हिरवी अळी असेल तर हाताने वेचा. तिने अर्धी चादर खाल्ली असेल तर खड्डा रिकामा करून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, धुतलेल्या बियाण्याने नव्याने सुरुवात करणे कमी त्रासाचे. कीटकनाशक नाहीच. हा अझोला उद्या सकाळी बकरीच्या तोंडात आणि परवा दुधात जाणार आहे.

याच कारणाने नाल्याच्या, कारखान्याच्या किंवा कापसावर फवारणी झालेल्या वावरातून वाहून आलेल्या पाण्यावर अझोला घेऊ नये. तो पाण्यातले जड धातू स्वतःत ओढून घेतो. पाणी शुद्ध करायला तो गुण मोठा, चाऱ्याला तोच धोका.

जनावरांना देताना

पहिल्या दिवशी पाव किलो, ढेपेत किंवा ओल्या कुटारात मिसळून. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत गाय-म्हशीला दीड ते दोन किलोपर्यंत, बकरीला २०० ते ३०० ग्रॅम, कोंबडीला २० ते ३० ग्रॅम. बकऱ्या सुरुवातीला हुंगून सोडून देतात. वर चिमूटभर मीठ किंवा थोडी चुनी भुरभुरली की खातात. कोंबड्यांना शिकवावे लागत नाही, आणि अंड्याचा बलक पंधरा-वीस दिवसांत गडद पिवळा दिसू लागतो. दूध १५-२० टक्के वाढते असे सांगितले जाते. ज्या जनावराला आधी हिरवा चाराच मिळत नव्हता तिथे फरक जास्त दिसतो, चांगल्या पोसलेल्या म्हशीत फारसा नाही.

शेततळे, गावतळे आणि काचेची टाकी

मासे असलेल्या शेततळ्यात अझोला मोकळा सोडू नका. वारा त्याला एका कोपऱ्यात लोटतो, तिथे वीतभर थर साचून कुजतो. आणि शांत दिवसांत सगळे तळे झाकले गेले तर पाण्यातला प्राणवायू घटतो, पहाटे मासे तोंड वर काढताना दिसतात. बांबूची किंवा दोन्ही टोके बंद केलेल्या प्लॅस्टिक पाइपची १० बाय ६ फुटांची तरंगती चौकट करा, खाली फूटभर बारीक जाळीची झालर लावा, दोरीने काठाच्या खुंटीला बांधा. सगळ्या चौकटी मिळून तळ्याचा चौथा हिस्सा ओलांडता कामा नये. गवत्या मासा (ग्रास कार्प) अझोला आवडीने खातो, म्हणूनच झालर हवी, नाहीतर एका रात्रीत चौकट साफ. त्याच्यासाठी रोज थोडा काढून बाहेर टाकायचा.

गावच्या तळ्यात तर ओंजळभरसुद्धा टाकू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या मालगुजारी तलावांवर मासेमारी संस्थांची आणि शिंगाडा लावणाऱ्यांची रोजीरोटी आहे, आणि जलकुंभीने काय होते हे तिथे सगळ्यांनी पाहिलेले आहे.

घरातल्या काचेच्या टाकीत अझोला सुंदर दिसतो आणि माशांच्या विष्ठेतले नत्र-स्फुरद शोषून पाणी स्वच्छ ठेवायला मदत करतो. तिथे शेण, खत काही लागत नाही. अडचण प्रवाहाची: फिल्टरचे पाणी वरून धबधब्यासारखे पडत असेल तर रोपे बुडून ओली होतात आणि काळवंडतात. हवेच्या पातळ नळीचे कडे करून ते पाण्यावर तरंगत ठेवा आणि अझोला त्या कड्याच्या आत. निम्मा पृष्ठभाग मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर खालच्या वनस्पतींना उजेड मिळत नाही. एलईडीचा उजेड दहा-बारा तास. झाकण घट्ट लावू नका, काचेवरचे थेंब टपटपून वरून पाने सडतात. आठवड्यातून एकदा निम्मा काढा. गोल्डफिश असतील तर तो टिकणार नाही, ते त्याला जेवण समजतात.

धानाच्या बांधीत

पूर्व विदर्भात रोवणीनंतर आठवड्याभराने, बांधीत दोन-तीन इंच पाणी असताना, एकरी २०० ते ४०० किलो ताजा अझोला विखरतात. तीन आठवड्यांत तो बांधी झाकतो. मग पाणी काढून निंदणीच्या वेळी पायाने चिखलात तुडवायचा. कुजल्यावर एकरी दहा किलोच्या आसपास नत्र मिळतो. इतके बियाणे एका खड्ड्यातून निघत नाही, त्यासाठी जूनमध्येच बांधीच्या एका कोपऱ्यात बांध घालून वेगळी रोपवाटिका करावी लागते.

उन्हाळा

होळीच्या आसपास तयारी सुरू करा. वर ७५ टक्के सावलीचे शेडनेट, पाण्यापासून किमान पाच फूट उंच, कारण खाली बांधलेल्या नेटखाली हवा कोंडते. पश्चिमेची बाजू तुराट्यांच्या ताटीने बंद करा, दुपारी तीनचे तिरपे ऊन नेटखालून आत येते आणि तेच जास्त मारते. पाणी पाच इंचांवरून सात इंच करा, खोल पाणी हळू तापते. एप्रिल-मेमध्ये उघड्या खड्ड्यातून रोज सेंटिमीटरभर पाणी उडते, म्हणजे या मापाला तीसेक लिटर, दोन मोठ्या बादल्या. त्या सकाळी टाका. दुपारी तापलेल्या पाइपातले पहिले पाणी तर कधीच नाही, ते हात पोळेल इतके असते. शेण निम्मे करा, काढणी आठवड्यातून दोनदाच, तीही विरळ करण्यापुरती. दुपारी पाण्यात हात घाला, कोमट वाटले तर चालेल. ऊन-ऊन लागले तर ओली पोती नेटवर टाका.

एवढे करूनही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, खड्डा जाऊ शकतो. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच राखीव बियाणे बाजूला काढावे. पसरट तोंडाचे मातीचे कुंडे किंवा जुन्या माठाचा खालचा अर्धा भाग घ्या, तळाशी दोन मुठी गाळाची माती, वर साठवलेले पावसाचे पाणी चार बोटे, त्यात ५० ग्रॅम धुतलेला अझोला. ते घरातल्या माठाच्या घडवंचीजवळ किंवा कूलरच्या मागे, जिथे दिवसा उजेड येतो पण ऊन येत नाही, तिथे ठेवा. झिरपणाऱ्या मातीमुळे आतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरेच गार राहते. दर दोन दिवसांनी पाणी वर करा, आठवड्यात एकदा शेणाचे चमचाभर पाणी, आणि गर्दी झाली की थोडा काढून कोंबड्यांना टाका. अशी दोन कुंडी ठेवावीत, एक गेले तरी दुसरे राहते.

मृगाचा पाऊस पडून हवा निवली की खड्डा धुऊन, नवी माती आणि पत्र्यावरून पडणारे पाणी भरून, कुंड्यातला तो ५० ग्रॅम एका कोपऱ्यात तीन फुटांच्या बांबूच्या चौकटीत सोडा. सगळीकडे पसरू दिला तर पावसाच्या माऱ्याने तुटून बुडतो. आठवड्याला दुप्पट या हिशेबाने पाच आठवड्यांत तो दीड किलोच्या आसपास जातो. तेव्हा चौकट काढून घ्यावी.